मायच्या अंगठ्याआधी

पत्र थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका गावचे हे गृहस्थ ३१ वर्षांचे, वाळूजला कंपनीत कामाला. आई ५४ वर्षांची. पत्रात तिला सगळीकडं 'माय' म्हटलंय, म्हणून मीही तेच म्हणते. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती, तरी वर्षभर अंगावरून रक्त जात होतं. "उष्णता असेल" म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. तिसरा टप्पा, कागदावर 'थ्री बी', एका किडनीला सूज. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) आणि केमो सांगितलंय. त्याच वेळी डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल विचारलं. नेहमीच्या उपचाराला एक नवं इंजेक्शन जोडून बघायचं आहे. कुणाला खरं इंजेक्शन आणि कुणाला नुसतं मिठाचं सलाईन, हे कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. सोबत बावीस पानांचा कागद दिलाय. मामा म्हणतात, "गरिबाच्या बायांवर प्रयोग करतात, सही करू नको." मेव्हणे म्हणतात, "लाखाचं औषध फुकट मिळतंय, डोळे झाकून कर." वडील गप्प आहेत. एक एकर विकून तसलं औषध बाहेरून घ्यावं असंही यांच्या मनात येऊन गेलं. मायला 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. "ताई, मी सही करू का नको?"

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'मी सही करू का' यातल्या 'मी'पाशी अडखळले. त्याच्यावर येते, पण आधी जे थांबू शकत नाही ते बोलू.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली अकरा शेकाच्या वॉर्डात. मायच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच. पण त्या अकरा वर्षांत एक गोष्ट इतक्यांदा पाहिली की ती छातीठोक सांगते. या आजारात नवं औषध मिळालं नाही म्हणून गेलेल्या बाया मला फारशा आठवत नाहीत. जुनाच उपचार अर्धवट राहिला म्हणून गेलेल्या पुष्कळ आठवतात.

तिसऱ्या टप्प्यात ऑपरेशन नसतं. गावाकडं कुणी "पिशवी काढून टाकू, मोकळं होऊ" म्हणालं तर तिथून उठा. सोमवार ते शुक्रवार रोज बाहेरून शेक, साधारण पंचवीस वेळा, म्हणजे पाच आठवडे. त्यात आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन नावाच्या केमोचं सलाईन. आणि त्यानंतर आतला शेक, म्हणजे आत नळी घालून गाठीपाशीच देतात तो, ज्याला दवाखान्यात ब्रॅकी म्हणतात. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. लांबलं की गुण कमी येतो. लांबतं कुठं, तर नेमकं आतल्या शेकाच्या तोंडाशी. दोन-तीन आठवडे शेक झाला की रक्त थांबतं, बाईला वाटतं झालं बरं. घरी सोयाबीन काढायला आलेलं असतं, सून बाळंतपणाला गेलेली असते. एक मावशी अशाच पंचविसावा शेक घेऊन पोळ्याला गावी गेल्या. 'आतला शेक आठ दिवसांनी' असं मी माझ्या हातानं त्यांच्या कार्डावर लिहिलं होतं. त्या आल्या दिवाळी उलटल्यावर. तेव्हा आतला शेक देण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: अभ्यासात नाव घातलं तर शेक कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि नाही घातलं तर कोणत्या? तारखा मागून घ्या, "लवकरच" यावर उठू नका. काही अभ्यासांत आधी जादा तपासण्या असतात आणि त्यात दिवस जातात. आठवडाभराचा फरक असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. महिनाभराचा असेल तर माझ्या मते बाकीचे प्रश्न विचारायची गरजच नाही.

आता मामा. मामांना मी अडाणी म्हणणार नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आपल्या भागाचं तोंड चांगलंच पोळलेलं आहे. २०१९ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींना नीट समजावून सांगितलं होतं, हा प्रश्न मामांच्या डोक्यात असणारच. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, याच कॅन्सरवरच्या लशीचा एक प्रकल्प आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा भागात मधेच थांबवावा लागला. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्याचं उघड झालं. मुलींच्या अंगात काय टोचायचं ते वॉर्डननं ठरवलं.

आणि मी तरी कुठली साव? नोकरीच्या सुरुवातीला, एका दवाखान्यात, कागदावर अंगठे घ्यायचं काम माझ्याकडं होतं. शाईचा पॅड घेऊन मी खाटेखाटेला जायची. एकदा एका आजीनं अंगठा पॅडवर टेकवायच्या आधी विचारलं, "सिस्टर, हे कशाचं?" मी म्हटलं, "दवाखान्याचं." आजीनं मान हलवली आणि अंगठा दिला. तो कागद कशाचा होता ते मलाही माहीत नव्हतं.

तर मामांची शंका खरी आहे. तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. कारण तुमच्या मायला जो 'नेहमीचा उपचार' मिळणार आहे, तोही कधीतरी कुणावर तरी प्रयोग म्हणूनच झाला. १९९९ च्या आधी या आजारात बहुतेक ठिकाणी नुसता शेकच देत. त्याला सिसप्लॅटिन जोडलं तर काय होतं, हे पाच वेगवेगळ्या अभ्यासांत तपासलं गेलं. त्या साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं डॉक्टरांना कळवलं की दोन्ही मिळून द्यावं. पण त्या बाया बहुतेक परदेशातल्या, धडधाकट, वेळेत आलेल्या. आपल्याकडच्या उशिरा येणाऱ्या, रक्त कमी असलेल्या, थ्री बीच्या बायांना ते झेपेल का? हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलनं घेतला. तुमच्या मायच्याच टप्प्याच्या ८५० बायांना दोन गटांत वाटलं, निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेक आणि सिसप्लॅटिन. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या, दोन्ही मिळालेल्या गटात ५४. शंभरात आठ. आकडा वाचायला लहान दिसतो, वॉर्डात उभं राहून मोजला की लहान वाटत नाही. आज डॉक्टर तुम्हाला "शेकासोबत केमो" असं बिनदिक्कत सांगतात, ते या ८५० जणींच्या जोरावर.

मेव्हण्यांचं म्हणणं याच्या बरोबर उलट दिसतं, पण चूक तीच आहे. मामांना वाटतं नवं म्हणजे धोका, मेव्हण्यांना वाटतं नवं म्हणजे भारी. दोघांनीही उत्तर आधीच धरून ठेवलंय, आणि अभ्यास चालू आहे तो उत्तर कुणालाच माहीत नाही म्हणून.

गेल्या काही वर्षांत या उपचाराला काय काय जोडून पाहिलं ते बघा. शेक-केमो संपल्यावर आणखी चार वेळा केमो दिलं तर? नऊशेहून जास्त बायांवर पाहिलं. जगण्यात फरक पडला नाही, त्रास मात्र वाढला. ऐकताना 'जास्त औषध' चांगलंच वाटलं असतं, नाही का? मग शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं आली, ज्यांना इम्युनोथेरपी म्हणतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्यापुढचं इंजेक्शन याच जातीचं असावं. त्यातलं डर्व्हालुमॅब शेक-केमोला जोडलं, तर आजार रोखण्यात ठोस फायदा दिसला नाही. पेम्ब्रोलिझुमॅब, साधारण त्याच विचारानं बनलेलं, तसंच जोडलं, हजाराहून थोड्या जास्त बायांवर. तीन वर्षांनी शंभरात ८२-८३ जणी हयात होत्या, ते न मिळालेल्या गटात ७५ च्या आसपास. एकाच जातीची दोन औषधं, एक चाललं आणि दुसरं नाही. भल्या भल्या डॉक्टरांना हे आधी सांगता आलं नाही, ते मेव्हण्यांना किंवा मला कसं सांगता येणार?

एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात नवं औषधच नाही. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन जुनी, स्वस्त केमोची औषधं शेकाच्या आधी सहा आठवडे, दर आठवड्याला थोडी थोडी दिली. ५०० बाया, त्यात भारतातल्या केंद्रांवरच्याही होत्या. पाच वर्षांनी हयात ८० विरुद्ध ७२. अर्थात तुमच्या मायच्या टप्प्याच्या त्यात कमीच होत्या, त्यामुळं "हेच द्या" असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नका. "हे मायला लागू पडतं का" एवढं मात्र जरूर विचारा. त्याला कुठलाही अभ्यास लागत नाही आणि एकरही विकावा लागत नाही.

एकराचं बोलले तर तेही उरकून टाकते. पेम्ब्रोलिझुमॅबच्या त्या अभ्यासात पाच डोस शेक-केमोसोबत होते आणि नंतर दर सहा आठवड्यांनी पंधरा डोस. म्हणजे दोन वर्षं. एकेका डोसाचा हिशेब लाखांत जातो. कंपन्यांच्या सवलतीच्या योजना असतात, त्यांची चौकशी करा. पण दोन डोस झाले आणि पैसा संपला, असं अर्ध्यावर सोडायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. एकर विकून चार डोस घेतले आणि आतल्या शेकाला मुंबईत राहायला पैसे उरले नाहीत, असं एका घराचं झालेलं मला माहीत आहे. आधी आठ आठवड्यांचा खर्च बाजूला काढा.

आता त्या मिठाच्या सलाईनबद्दल. तुम्ही लिहिलंय, "मायच्या वाट्याला खोटं औषध आलं तर ती फसवणूकच ना?" तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य ते. पण नीट बघा. सलाईनच्या गटात गेली तरी मायला पंचवीस शेक, सिसप्लॅटिन, आतला शेक हे सगळं मिळायला हवं. म्हणजे अभ्यासात न जाता जे मिळालं असतं ते पूर्ण. सलाईन असतं ते डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या मनानं निकाल हलू नये म्हणून. कागदावर हे शब्दात लिहिलेलं आहे का ते शोधा: 'दोन्ही गटांना प्रमाणित उपचार पूर्ण दिले जातील'. नसेल, किंवा नवं औषध द्यायचं म्हणून नेहमीच्या उपचारातलं काही कमी करणार असतील, तर तो वेगळाच व्यवहार झाला. त्याला आणखी दहा प्रश्न विचारावे लागतील.

नियंत्रण गटाला, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या गटाला, काहीच मिळालं नाही, असंही झालेलं आहे, आणि ते तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात. १९९९ नंतर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावं ५२ गटांत वाटली. काही गावांत बायांची एकदाच एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यापासून हा कॅन्सर होतो त्या विषाणूची तपासणी केली, काहींत वेगळ्या तपासण्या, आणि काही गावांत तपासणी नाहीच, नुसती माहिती. आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बाया गेल्या. एचपीव्ही तपासलेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ३४. गरीब देशांत आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही तपासणीसुद्धा जीव वाचवते, हे जगाला ठामपणे कळलं ते आपल्या तुळजापूर-भूम-परांड्याकडच्या बायांमुळं. त्या अभ्यासाचा दाखला आजही जगभर देतात. आणि त्याच वेळी, तपासणीनं फायदा होतो हे इतर देशांत दिसलेलं असताना एका गटाला तसंच का ठेवलं, असा आक्षेपही घेतला गेला. मला विचाराल तर त्या अभ्यासाचा अभिमान वाटतो आणि ६४ हा आकडा रुततोही. दोन्ही एकदम होतं, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हापासून आजवर कायदा बराच पुढं आलाय. नव्या औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम आहेत. मामांना हे वाचून दाखवा. अभ्यासातल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत. अभ्यासामुळं काही इजा झाली तर उपचार फुकट, आणि वर नुकसानभरपाई. माय कधीही "मला नको" म्हणून बाहेर पडू शकते आणि त्यापायी तिचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. कागद तिला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, हवा. तुमची बावीस पानं इंग्रजीत असतील तर तशीच परत करा आणि मराठी मागा. ज्याला वाचता येत नाही त्याला समजावताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा, नुसता शेवटी सहीपुरता नव्हे. कागदाची एक प्रत तुमच्याकडं राहिली पाहिजे. त्यावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि तुमच्या-माझ्यासारखा साधा माणूसही असावा लागतो. त्यांना फोन करायला लाजू नका. आणि २००९ च्या जूनपासून अशी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा. कंपनीतला कुणी पोरगा तुम्हाला मोबाईलवर पाच मिनिटांत उघडून देईल. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मामा जिंकले असं समजा.

चाचणी कितव्या टप्प्यातली आहे तेही विचारा. पहिल्या टप्प्यात औषध किती झेपतं एवढंच बघतात, पेशंट थोडे आणि फायद्याची आशा कमी. दुसऱ्यात थोडा अंदाज येतो. तुमचं वर्णन तिसऱ्या टप्प्याचं वाटतं, म्हणजे औषध आधी बऱ्याच जणांना देऊन झालेलं असणार. त्रास काय होतो तेही खोदून विचारा. प्रतिकारशक्तीच्या इंजेक्शनांचा त्रास केमोसारखा नसतो. थायरॉइड बिघडतं, अंगावर पुरळ येतं, कधी आतड्याला किंवा फुफ्फुसाला सूज येते, आणि हे महिन्यांनंतरही होऊ शकतं. तेव्हा माय गावाकडं असेल. रात्री जुलाब सुरू झाले तर अंबाजोगाईच्या डॉक्टरला काय दाखवायचं, मुंबईत कुणाला फोन करायचा, हे लिहून घ्या. गावातला डॉक्टर साधे जुलाब समजून गोळी देईल, त्याचा दोष नाही.

आता मुंबईचा विचार. नेहमीचाच उपचार घ्यायचा ठरला तर त्यासाठी मुंबई लागतेच असं नाही. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, तुम्ही वाळूजला आहात, माय तुमच्या खोलीवर राहून रोज जाऊ शकते. आतल्या शेकाची तारीख किती दिवसांत मिळेल एवढं आधी विचारून घ्या. सरकारच्या महात्मा फुले योजनेत (मोफत उपचाराच्या) बसतं का ते दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे त्या योजनेचा माणूस, सांगेल, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. अभ्यासासाठी मुंबईलाच राहायचं तर आठ आठवडे कोण राहणार, आणि पुढं दोन वर्षं वारीसारखं कोण नेणार? जाण्यायेण्याचे पैसे अभ्यासातून मिळतात का? रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपरचं तिकीट माफ आहे आणि सोबतच्या माणसालाही मोठी सूट आहे, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. जालन्याहून देवगिरीनं जात असाल तर तेवढे तरी वाचतील. पण सुट्ट्या कुणाच्या जाणार, बहिणीची लेकरं कोण बघणार, हे बावीस पानांत कुठंच नसतं.

माझा कल विचाराल तर असा. शेकाची तारीख लांबत नसेल, दोन्ही गटांना नेहमीचा उपचार पूर्ण मिळत असेल, नोंदणी आणि कागद साफ असतील, आणि घरातलं एक माणूस खरोखर मोकळं असेल, तर मी माझ्या बहिणीला "जा" म्हटलं असतं. औषध लाखाचं आहे म्हणून नव्हे. अशा अभ्यासात नजर जास्त असते, तपासण्या वेळेवर होतात, आतल्या शेकाची तारीख चुकली तर कुणीतरी फोन करतं. यातलं एक जरी नसलं तर संभाजीनगरला शेक सुरू करा आणि मनात किंतु ठेवू नका. अभ्यासाला 'नाही' म्हणणं म्हणजे मायला सोडून देणं नव्हे.

आणि आता तो 'मी'.

भाऊ, ती सही तुमची नाहीच. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हे माहीत नाही, तिची संमती घेताच येत नाही. त्या कागदाच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव असणार. ते झाकून अंगठा घ्यायचा तर मग मी आणि तो शाईचा पॅड, दुसरं काय? तुम्ही म्हणाल, माय खचेल. मी हे वाक्य शेकडो लेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि पडद्याच्या पलीकडं त्यांच्या मायांनी मला हळूच सांगितलंय, "पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून, त्याचा जीव जाईल." माय दवाखान्याच्या बाकावर तासन् तास बसते. पाटी तिला वाचता येत नसेल, शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येतंच की. कितीदा असं होतं की एकाच घरातली चार माणसं एकमेकांपासून तेच एक गुपित सांभाळत असतात.

कसं सांगायचं? वडिलांना बरोबर घ्या. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही असं नाही. बहीण सोबत असेल तर उत्तम, अंगावरून जाण्याच्या गोष्टी माय लेकापुढं बोलणार नाही. सांगायच्या आधी विचारा, "माय, तुला काय वाटतं, काय झालंय?" ती बोलेल तिथून धरा. कॅन्सर हा शब्द एकदा स्पष्ट वापरा, आणि लगेच सांगा की उपचार आहे, बरं करायच्या हेतूनंच चालू करतोय. हे खोटं नाही, वरचे आकडे आठवा. मग गप्प बसा. रडू दिलं तर चालतं. अभ्यासाचं त्याच दिवशी काढू नका. दुसऱ्या दिवशी सांगा, दोन वाक्यांत: "नेहमीचं औषध तुला मिळणारच आहे. वरून एक नवं द्यायचं का हे बघतायत, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, चालेल की नाही कुणालाच माहीत नाही." तिला कळलं का हे तपासायचं तर तिलाच म्हणा, "मामाला तू समजावून सांग." तिनं सांगितलेलं मामांना पटो न पटो, तुम्हाला कळेल तिला कितपत उमगलंय.

ती म्हणू शकते, "तुम्ही ठरवा, मला काय कळतं." म्हणू द्या. सगळं ऐकून तसं म्हणाली तर तोही तिचाच निर्णय. पण बहुतेक बाया काहीतरी विचारतात. एकीनं डॉक्टरांना विचारलं होतं, "यानं माझ्यानंतरच्या बायांचं बरं होईल का?" डॉक्टर म्हणाले, "होऊ शकेल." ती म्हणाली, "मग घाला नाव." दुसरी, तिच्याच शेजारच्या खाटेवरची, म्हणाली, "मला घरी जायचंय लवकर, जास्त सुया नकोत." दोघींचंही मला पटलं होतं.

थोडं राहिलंय ते भरभर सांगते. मामा वैदूचा झाडपाला आणणार असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका, किडनी आधीच सुजलीय, शिवाय अभ्यासात तसलं काही चालत नाही. बहिणीनं तिशी ओलांडली असेल तर तिनं तपासून घ्यावं. मायला झालं म्हणून नव्हे, तिशीनंतर प्रत्येकीनंच घ्यावं म्हणून. भाच्या ९ ते १४ वयातल्या असतील तर लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि तुमच्या दोन पानी पत्रात मामा आहेत, मेव्हणे आहेत, एकर आहे, कॉम्प्युटर आहे. मायचं दुखतं का, रात्री तिला झोप लागते का, हे कुठंच नाही. या टप्प्यात कंबर, मांडी, ओटीपोट दुखतं, आणि बाया सांगत नाहीत. दुखत असेल तर मेडिकलमधून आणलेली नेहमीची दुखण्याची गोळी देऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीला वाईट. कॅन्सरच्या दुखण्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, मॉर्फिनचीही असते, डॉक्टर लिहून देतात, आणि त्यासाठी कुठल्याही कागदावर अंगठा लागत नाही. अभ्यासाचं उत्तर पुढच्या आठवड्यात द्या. हे मात्र आज रात्री घरी फोन लावून मायलाच विचारा.